शहरी वृक्षसंवर्धन (मराठवाडा)

शहरातील झाडे लावणे, ओळखणे, जगवणे आणि तोडीपासून वाचवणे यांसाठी नागरिकांनी एकत्र येऊन केलेले काम. मराठवाड्यात यातले लावणे सर्वांत सोपे. राज्य शासनाने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, तेव्हा खड्डे आणि फोटो दोन्ही भरपूर झाले. रोपाची खरी परीक्षा मात्र फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत होते.

अडचण जमिनीपासूनच सुरू होते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून ओल उडते, कोवळी मुळेही तुटतात. म्हणून आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन टाकतात. मुरमाड माळावरची गोष्ट वेगळी. तिथे दोन बाय दोन फुटांचा खड्डा काळी माती व शेणखताने भरला, तरी भोवतीचा मुरूम न फोडल्यास तो कुंडीसारखाच राहतो: मुळे आतल्या आत फिरतात आणि वळवाच्या वाऱ्यात झाड कलते. पाण्याचा प्रश्न तर सांगायलाच नको. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच लातुरात ग्रीन लातूर वृक्ष टीम २०१९पासून लागवडीबरोबर टँकरने पाणी घालणे, आळी करणे ही कामे करते. टँकर ज्याच्या हाती, त्याचे झाड जगते.

झाडाची निवड हा कायमचा वादविषय. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लवकर वाढतो, फुलतो देखणा, पण वादळात फांद्या मोडतात. दुभाजकांवरचा कोनोकार्पसही परदेशीच. जाणकारांचा कल लिंब (कडुनिंबाला इकडे लिंबच म्हणतात), करंज, चिंच, वड, पिंपळ, बहावा, आपटा यांकडे असतो. वाढ सावकाश, पण एकदा मूळ धरले की उन्हाळा काढतात. थोड्या जागेत दाट लागवड करणारी मियावाकी पद्धत ‘घनवन’ नावाने रुळली आहे. कोरड्या माळावर तिला सुरुवातीला लागणारे पाणी पाहता ती सरसकट योग्य म्हणता येत नाही.

ओळख करून देण्याचे काम वृक्षफेऱ्यांतून होते. छत्रपती संभाजीनगरचा मुघलकालीन हिमायतबाग, जिथे कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे, ही त्यासाठी नामी जागा. बीडजवळ पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदी वड होता. लांबलचक भाषण न करणारा अध्यक्ष संमेलनांना क्वचितच लाभतो.

संरक्षणाचा आधार म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमणे, ठरावीक काळाने वृक्षगणना करणे आणि तोडीच्या प्रस्तावांवर हरकती मागवणे बंधनकारक आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. हरकतीची मुदत सात दिवसांची असल्याने नोटीस वेळेत दिसणे हीच अर्धी लढाई. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील प्रियदर्शिनी उद्यानात स्मारकासाठी होऊ घातलेल्या तोडीला नागरिकांनी विरोध केला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले.

बाकीचे काम गाजावाजा नसलेले. खोडात ठोकलेल्या क्लासच्या पाट्यांचे खिळे उपसायचे, रस्त्याचे काम करताना बुंध्याला लावलेले काँक्रीट फोडून हातभर आळे मोकळे करायचे आणि खोड जाड झाल्यावर त्यात रुतू लागलेली लोखंडी जाळी वेळीच कापून काढायची.