सायकलदान, ग्रामीण आफ्रिकेतील

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत ज्या खेड्यांपर्यंत बस जात नाही आणि जिथून शाळा, दवाखाना व बाजार तासन्‌तास चालण्याच्या अंतरावर असतात, तिथल्या विद्यार्थ्यांना, आरोग्यसेवकांना व शेतकऱ्यांना देणगीतून सायकली पुरवण्याची प्रथा. यात दोन प्रवाह आहेत : युरोप-अमेरिकेत गोळा केलेल्या जुन्या सायकली जहाजाने पाठवणे, आणि देणगीच्या पैशातून तिथल्या रस्त्यांसाठीच घडवलेल्या नव्या सायकली देणे.

सायकल या भागाला नवी नव्हती. भारतीय आणि चिनी बनावटीच्या काळ्या, जड, आडव्या दांडीच्या सायकली पूर्व आफ्रिकेत पूर्वीपासून वापरात होत्या. केनियात त्यांना ‘ब्लॅक माम्बा’ असे सर्पनाम मिळाले. केनिया-युगांडा सीमेवरील बुसिया येथे 1960च्या दशकात कॅरियरवर प्रवासी बसवून नेणारी ‘बोडा-बोडा’ सेवा सुरू झाली, तर मलावीत अशा भाड्याच्या सायकलीला ‘कबाझा’ म्हणतात. म्हणजे सायकलीचा उपयोग इथल्या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. अडचण होती ती सायकल विकत घेण्याची आणि चालू ठेवण्याची.

जुन्या सायकली पाठवणाऱ्या संस्थांमध्ये अमेरिकेतील पेडल्स फॉर प्रोग्रेस (1991) आणि ब्रिटनमधील री-सायकल (1997) या जुन्या आहेत. पायडल काढून, हँडल वळवून एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 400 ते 500 सायकली बसतात. मात्र त्यांतल्या अनेक गिअरच्या असतात, आणि खेड्यातल्या मिस्त्रीकडे सुटे भाग असतात ते साध्या, एका वेगाच्या सायकलींचे. त्यामुळे गिअरचा एखादा लहान भाग तुटला किंवा त्या मापाचा टायर मिळाला नाही, की धडधाकट सायकलही भिंतीला टेकून राहते. दान मोजताना किती सायकली उतरवल्या यापेक्षा दोन वर्षांनी किती चालत आहेत हे पाहायला हवे, ते यासाठीच. घानातील व्हिलेज बायसिकल प्रोजेक्टने एक दिवसाचे दुरुस्ती-प्रशिक्षण देऊन ते घेणाऱ्याला निम्म्या किमतीत सायकल देण्याची पद्धत रुजवली. नामिबियात 2005 साली सुरू झालेल्या बायसिकलिंग एम्पॉवरमेंट नेटवर्कने तर ज्या कंटेनरमधून सायकली आल्या, त्याचेच दुकान करून स्थानिक लोकांना ते चालवायला दिले.

दुसऱ्या प्रवाहातील प्रमुख संस्था वर्ल्ड बायसिकल रिलीफ. 2004च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटून तिने 2005 मध्ये कामाला आरंभ केला आणि लगेचच झांबियात एचआयव्ही-एड्सच्या रुग्णांची घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांना सायकली दिल्या. तिच्या ‘बफेलो’ सायकलीत चाकांच्या जाड तारा, सुमारे 100 किलोचा भार पेलणारे कॅरियर आणि पायडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेक असतो. या ब्रेकला तुटणारी केबलच नसते. जोडणी आफ्रिकेतच होते, मिस्त्रींना प्रशिक्षण मिळते आणि सुटे भाग विकत घेता येतात. शाळांसाठीच्या योजनेत सुमारे 70 टक्के सायकली मुलींना दिल्या जातात. गावातील समिती त्यांवर देखरेख ठेवते आणि ठरलेला काळ नियमित हजेरी लावल्यावर सायकल विद्यार्थ्याच्या मालकीची होते.

मुलींना सायकली देण्याचा असाच अनुभव बिहारचाही आहे. तिथे 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले आणि माध्यमिक शाळेतील त्यांची नोंदणी लक्षणीय वाढली. त्या योजनेचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ निशीथ प्रकाश झांबियातील अभ्यासातही सहभागी होते. झांबियात शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकल मिळाल्यावर त्यांचा येण्याजाण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, गैरहजेरी चौथ्या हिश्शाहून अधिक घटली, उशिरा पोहोचणे तर त्याहून कितीतरी जास्त कमी झाले आणि वाटेत होणारी छेडछाडही घटली.  काही कुटुंबांकडून देखभालीसाठी थोडी रक्कम घेतली गेली होती. काही मुलींच्या आकांक्षा आणि लग्न पुढे ढकलण्याची इच्छाही वाढल्याचे दिसले. घानातील कमावता माणूस निम्मी किंमत देतो तेव्हा तो स्वतःचा निर्णय घेत असतो. शाळकरी मुलीच्या वाट्याचे पैसे मात्र घरातल्या इतरांना भरावे लागतात, आणि हा फरक देणगीच्या अटी ठरवताना विचारात घ्यावा लागतो.