सेल क्वांटिटी जास्त दिसली की शेअर पडणारच?

मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या यादीत, विकणाऱ्यांचा आकडा मोठा दिसला की भाव पडणार, ही समजूत वर्षानुवर्षं फिरतेय. अहो, ती नुसती पेंडिंग ऑर्डर असते, सौदा व्हायच्या आत कधीही कॅन्सल करता येते! भाव हलतो तो कोणी समोरचे बायर संपवत खाली खाली विकत गेला की. पण आकडा बघून लोक घाबरतात, मिळेल त्या भावात माल फुंकतात आणि मग भाव खरंच घसरतो, खेळ तिथेच आहे. लंडनच्या नविंदर सराओ या ट्रेडरने अमेरिकन फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) हेच केलं, चालू भावाच्या जरा वर भल्यामोठ्या सेल ऑर्डरी लावायच्या, भाव जवळ आला की वर सरकवायच्या नाहीतर काढून टाकायच्या. २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला पठ्ठ्याने. मात्र ६ मे २०१० चा फ्लॅश क्रॅश, म्हणजे अमेरिकन बाजार काही मिनिटांत कोसळला तो प्रकार, त्याने एकट्याने घडवला हे काही खरं नाही, अमेरिकन नियामकांच्या रिपोर्टने एका फंडाच्या ७५,००० कॉन्ट्रॅक्टच्या खऱ्याखुऱ्या विक्रीवर बोट ठेवलं होतं.