‘सिगा सिगा’: शांततेतून आलेला सावकाशपणा

ग्रीसमधल्या पर्यटकांच्या बेटांवर टी-शर्ट, कप, फ्रिजवर चिकटवायची चुंबकं अशा सगळ्यावर ‘सिगा सिगा’ हे दोन शब्द छापलेले सापडतात. अर्थ सांगितला जातो, ‘हळूहळू’. लगोलग पुस्तीही जोडली जाते, की हेच ग्रीकांचं जीवनतत्त्व. अथेन्समध्ये ऐन गर्दीच्या वेळी टॅक्सीत बसलेला माणूस या तत्त्वावर विश्वास ठेवणार नाही. शब्द मात्र अस्सल आहे, रोजच्या तोंडातला आहे. पायऱ्यांवरून धावत सुटलेल्या नातवाला आजी ‘सिगा, पेदी मू’ म्हणते, म्हणजे ‘हळू रे बाळा’. गाडी दामटणाऱ्या मुलालाही ती तेच सांगते.

गंमत अशी, की मुळात या शब्दाचा वेगाशी काही संबंध नव्हता. प्राचीन ग्रीकमध्ये ‘सिगे’ म्हणजे शांतता आणि ‘सिगा’ म्हणजे गुपचूप, आवाज न करता. मग गप्प राहण्याचा शब्द हळू चालण्याचा कसा झाला? एका जुन्या नाटकातल्या ओळीत या बदलाची वाट दिसते. ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘ओरेस्टीस’ इ.स.पू. 408 मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर आलं. आईची हत्या केल्यावर वेडाचे झटके येणारा ओरेस्टीस अखेर झोपलेला असतो, बहीण इलेक्ट्रा उशाशी बसलेली असते. तेवढ्यात गावच्या बायकांचा मेळा येतो. तेव्हाचे शब्द आहेत ‘सिगा सिगा’, आणि पुढे सांगणं असं, की पाऊल अलगद टाका, पादत्राणांचा आवाज करू नका. आवाज न करता चालायचं तर सावकाशच चालावं लागतं. शब्दाचा अर्थ इथे अजून ‘गुपचूप’ एवढाच आहे, पण पावलं आपोआप मंदावली आहेत.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. ‘हळू बोल, बाळ झोपलंय’ आणि ‘गाडी हळू चालव’ यांत आपणही एकच शब्द वापरतो. फरक एवढाच, की आपला ‘हळू’ संस्कृतच्या ‘लघु’वरून, म्हणजे हलकेपणातून आला. ग्रीकांचा आला शांततेतून. त्यांच्याकडे एक म्हण आहे, की भ्यावं ते ‘सिगानो’ नदीला. या नदीला आवाज नाही की ती संथ आहे, हे ठरवायला गेलं तर ठरत नाही. दोन्ही अर्थ एकाच विशेषणात विरघळले आहेत.

नाटकातल्या त्या ओळीला पुढे अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. हॅलिकार्नासस इथला डायोनिसियस हा ग्रीक पंडित रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात रोममध्ये शिकवत होता. गाण्याची चाल बोलण्यातल्या चढउताराला जुमानत नाही, हे दाखवताना त्याने नेमकी हीच ओळ घेतली. त्याचं म्हणणं, बोलताना ‘सिगा सिगा’मध्ये आवाज वर-खाली होतो, पण युरिपिडीसच्या चालीत हे शब्द एकाच स्वरावर गायले जातात. दबक्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचा सूर असाच सपाट होतो, असं मला वाटतं, पण हा माझा तर्क.

त्याच काळात, त्याच शहरात, खुद्द ऑगस्टस एक दुसरं ग्रीक वाक्य घोकत असे, ‘स्पेउदे ब्रादेओस’, म्हणजे घाई कर, पण सावकाश. त्याच्या मते सेनापतीला उतावीळपणाइतकं न शोभणारं दुसरं काही नाही. सुएटोनियसने त्याचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं, पण हे शब्द ग्रीकमध्येच ठेवले. त्याचं लॅटिन रूप, ‘फेस्टिना लेन्ते’, युरोपभर फिरलं. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने एका रोमन नाण्यावरचं चित्र, जहाजाच्या नांगराला वेटोळं घातलेला डॉल्फिन, आपल्या छापखान्याचं चिन्ह केलं. 1508 मध्ये डच विद्वान इरॅस्मसचा म्हणींचा मोठा संग्रह त्याच छापखान्यात निघाला, आणि त्यात या वचनावर लांबलचक निबंध होता. आजचा शिकलेला ग्रीक हे वाक्य ओळखतो, वेळप्रसंगी सुनावतोही. पण भर रस्त्यात समोरच्याला थांबवायला ते कोणी वापरत नाही.

कारण त्यातला ‘ब्रादीस’ म्हणजे ‘मंद’ हा शब्द रोजच्या बोलण्यात वेगळ्याच वाटेने गेला. हृदयाचे ठोके मंद पडले की आपले डॉक्टर ‘ब्रॅडिकार्डिया’ म्हणतात, तिथे तो जुन्या अर्थासह जपला गेलाय. ग्रीसमध्ये मंदचं ‘उशिरा’ झालं, उशिराचं ‘दिवस कलल्यावर’ झालं, आणि आता ‘व्राडी’ म्हणजे चक्क संध्याकाळ, रात्रीची वेळ. दुसरा शब्द ‘आर्गा’. तो निघाला ‘आर्गोस’पासून: अ-एर्गोस, काम नसलेला, रिकामटेकडा. 1894 मध्ये सापडलेल्या वायूची कशाशीच रासायनिक क्रिया होईना, म्हणून रॅले आणि रॅम्से या शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं आरगॉन, म्हणजे आळशी. आजही ‘आर्गा’ म्हणजे हळू, पण ‘इने आर्गा’ म्हटलं की ‘उशीर झाला’. ‘हळू जा’ सांगायच्या शब्दातच उशिराचा ठपका डोकावू लागला. ‘सिगा’वर तो डाग नाही. लोकांच्या तोंडी तो जास्त बसला यामागे हेही एक कारण असावं.

शांतता आणि सावकाशपणा यांची ही सोयरीक एका शब्दापुरती नाही. ‘मे तिन इसिखिया सू’ म्हणजे शब्दशः ‘तुझ्या शांततेनं’. आपण म्हणतो, ‘होऊ दे सावकाश, काही घाई नाही’. हीच ‘इसिखिया’ चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या अॅथॉस पर्वतावरच्या मौनी साधूंच्या साधनेचं नाव होती, आणि आज ती पोलिसांच्या नियमातही आहे. उन्हाळ्यात दुपारी 3 ते 5.30 आणि रात्री 11 ते सकाळी 7 हे ‘सार्वजनिक इसिखिये’चे तास. या वेळात भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी पोलिसांना फोन करू शकतो.

आणि घाई? ‘मी व्याझेसे’ म्हणजे ‘घाई करू नकोस’. यातलं क्रियापद आलं ‘विया’पासून, म्हणजे बळजबरी, हिंसा. जुन्या काळी त्याचा अर्थ होता ‘माझ्यावर जबरदस्ती होते आहे’. पुढे तो झाला ‘मी घाईत आहे’. ग्रीक शिकणाऱ्यांना इथे बजावून ठेवतात, कारण याच क्रियापदाचं कर्तरी रूप ‘व्याझो’ म्हणजे बलात्कार करणं. एका प्रत्ययाची चूक आणि भलताच अनर्थ! आपल्याकडे घाटरस्त्यावर ‘अति घाई संकटात नेई’ लिहितात, तिथली म्हण आहे ‘घाई करणारा ठेचकाळतो’.

बाकीचे शब्द सत्ताधाऱ्यांबरोबर आले. ‘यावास यावास’ ही तुर्की देणगी. ‘मे तो पासो सू’, म्हणजे तुझ्या चालीनं, यातला ‘पासो’ इटालियन. क्रीट बेट 1669 पर्यंत आणि कॉर्फू बेट 1797 पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होतं, तेव्हा असे शब्द राहून गेले तर नवल नाही. ‘लास्का’, म्हणजे ‘सैल सोड’, हाही व्हेनिसच्या खलाशांचा, शिडाच्या दोरीचा शब्द. हल्लीची पोरं ‘खालारा’ म्हणतात. त्याचाही अर्थ सैलच, पण तो अस्सल प्राचीन ग्रीक.

‘सिगा’ची आणखी एक खोड आहे: उपरोध. कोणी फुशारकी मारू लागला की समोरचा म्हणतो, ‘सिगा ताव्गा!’ शब्दशः ‘जपून, अंडी आहेत!’ अर्थ, ‘मोठं आलंय!’ अंड्यांच्या जागी कोबी येतो, कधी चर्चमधलं दिव्यांचं अवजड झुंबरही येतं. निव्वळ ‘सिगा!’ म्हटलं तरी भागतं, पण सूर वेगळा लागतो, आणि परक्याला तो पटकन पकडता येत नाही.

सरकारी भाषेला मात्र ‘सिगा’ कधी चालला नाही. पंडिती थाटाची ‘काथारेवुसा’ 1976 पर्यंत राज्यकारभाराची भाषा होती. ती गेली, पण तिची व्याकरणाची रूपं पाट्यांवर अजून तग धरून आहेत. वळणावर लिहिलेलं असतं ‘मिओसाते ताखितिता’, वेग कमी करावा. आणि मागच्या सीटवरून आजी म्हणते, ‘सिगा, पेदी मू, सिगा.’