विदर्भाचं ऊन सोसलेल्याला ठाण्याची गरमी बाधत नाही?

“गावाकडं 45 सोसलंय, इथल्या 36ला काय होतंय?” पाण्यावाचून गाव सोडून ठाणे-नवी मुंबईच्या बांधकामांवर आलेल्यांकडून हे हमखास ऐकू येतं. साफ चूक. अंग थंड होतं ते घाम वाळल्यानं. खाडीकाठच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचव्या हिश्श्याइतकंच काम द्यावं, रोज तेवढंच वाढवावं. (मुकादमाच्या कपाळावर आठ्या पडणारच.) दर 20 मिनिटांनी पेलाभर पाणी. माणूस बरळू लागला, तर घाम असला तरी उष्माघातच समजा: सावली, अंगावर गार पाणी, वारा, 108ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.