मत पलीकडे, माणूस अलीकडेच

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की दर 4 वर्षांनी मराठी बातम्यांत, आणि त्याहून अधिक व्हॉट्सॲपवरील चर्चांत, एक शब्द हमखास डोके वर काढतो. तो शब्द म्हणजे ‘फुटले’. 2020 मध्ये ओहायोचे माजी गव्हर्नर जॉन केसिक यांनी चौफुलीवर उभे राहून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी भाषण केले आणि जो बायडन यांना पाठिंबा दिला, तेव्हा ते ‘फुटले’. 2024 मध्ये वायोमिंगच्या माजी रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्यासोबत व्यासपीठावर आल्या, तेव्हा त्या ‘फुटल्या’ आणि ‘डेमोक्रॅट्सच्या गोटात दाखल झाल्या’. वास्तविक केसिक यांनी त्याच भाषणात आपण आयुष्यभर रिपब्लिकन राहिलो असल्याचे सांगितले होते, आणि चेनी यांनीही हॅरिस यांना मत देताना रिपब्लिकन हे बिरूद खाली ठेवले नव्हते. पक्ष बदलणे आणि पक्षात राहून एका निवडणुकीपुरते पलीकडच्या उमेदवाराला मत देणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि आपण त्यांना एकाच शब्दात कोंबतो.

यांपैकी पहिली गोष्ट, म्हणजे पक्षांतर, जून 2022 नंतरच्या महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. व्हिप, दहावी अनुसूची, विधिमंडळ पक्ष आणि मूळ पक्ष, अपात्रतेच्या याचिका हे सारे शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. माणूस एका पक्षातून निघतो, दुसऱ्यात जातो, पुढची उमेदवारी तिथून मागतो. अमेरिकेतही पक्षांतराचा अर्थ एवढाच आहे. फरक इतकाच की तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही आणि पक्ष बदलला म्हणून निवडून आलेल्याची जागा जात नाही.

दुसऱ्या गोष्टीसाठी मराठीत रूढ शब्द नाही, म्हणून मी तिला साधेपणाने ‘पलीकडे मत देणे’ असे म्हणतो. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुढे रिपब्लिकन अध्यक्ष झालेले खुद्द रोनाल्ड रेगन. 1952 आणि 1956 मध्ये त्यांनी रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांचा प्रचार केला, 1960 मध्ये केनेडींच्या विरोधात निक्सन यांचा केला, आणि या तिन्ही वेळा ते नोंदणीकृत डेमोक्रॅट होते. पक्षनोंदणी त्यांनी बदलली ती 1962 मध्ये. पहिल्यांदा पलीकडे मत देणे आणि पक्ष सोडणे यांच्यात तब्बल 10 वर्षांचे अंतर पडले. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या बाबतीत हे अंतर 12 वर्षांचे होते: 2008 आणि 2012 मध्ये ओबामा, 2016 मध्ये हिलरी क्लिंटन, 2020 मध्ये बायडन, अशा लागोपाठ 4 निवडणुकांत त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला पाठिंबा दिला आणि तरीही ते स्वतःला रिपब्लिकन म्हणवत राहिले. आता आपण स्वतःला रिपब्लिकन म्हणवू शकत नाही, असे त्यांनी जाहीर केले ते जानेवारी 2021 मध्ये, अमेरिकेच्या संसद भवनावरील हल्ल्यानंतर.

गोंधळ नेमका कुठे होतो, हे आता पाहू. आपल्याकडे सदस्यत्व ही पक्षाने द्यायची आणि पक्षाने काढून घ्यायची वस्तू आहे. पावती फाडली की कार्यकर्ता सदस्य होतो, ‘पक्षविरोधी कारवायां’साठी हकालपट्टीचे पत्र निघाले की सदस्यत्व संपते. याच सवयीने आपण असे गृहीत धरतो की विरोधी उमेदवाराला उघड पाठिंबा देणारा माणूस पक्षाबाहेर गेलेलाच असणार, किंवा निदान त्याला नोटीस तरी आलेली असणार. अमेरिकेत पक्ष म्हणजे असे घर नव्हे, की ज्याची किल्ली प्रदेशाध्यक्षाच्या खिशात असते. साधारण 30 राज्यांत मतदार नोंदणीच्या सरकारी अर्जावर पक्षाचा रकाना असतो. तो मतदार स्वतः भरतो, स्वतः बदलतो, आणि पक्षाची परवानगी त्यात कुठेच लागत नाही. जॉर्जिया, टेक्सस, मिशिगन, विस्कॉन्सिन, व्हरमाँट अशा उरलेल्या राज्यांत तर हा रकानाच नाही. तिथे आपण कोण, हे माणूस स्वतः म्हणेल तेच, आणि फार तर त्याने कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात, मत दिले त्यावरून लोक ठरवतील ते.

म्हणूनच वायोमिंगमध्ये जे घडले, ते आपल्याकडे घडणे अवघड आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये वायोमिंगच्या रिपब्लिकन पक्षाच्या मध्यवर्ती समितीने लिझ चेनी यांना आपण यापुढे रिपब्लिकन मानत नाही, असा ठराव केला. ठरावानंतर चेनी यांची प्रतिनिधिगृहातील जागा गेली नाही, त्यांची नोंदणी बदलली नाही, आणि ऑगस्ट 2022 मध्ये त्या त्याच पक्षाच्या प्रायमरीत उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना घरी पाठवले ते समितीने नव्हे, तर त्या प्रायमरीतील मतदारांनी, आणि तेही हॅरिस यांना पाठिंबा देण्याच्या 2 वर्षे आधी. शिक्षा आधी आणि ‘गुन्हा’ नंतर असा उलटा क्रम असताना, ‘पलीकडे मत दिल्यामुळे पक्षाने त्यांना काढले’ असे लिहिणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही.

नोंदणी आणि मत यांची फारकत किती लांबू शकते, हे पाहायचे तर केंटकीकडे पाहावे. या राज्याने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला शेवटचा कौल दिला 1996 मध्ये, बिल क्लिंटन यांना. आणि तिथे नोंदणीकृत रिपब्लिकनांची संख्या डेमोक्रॅटांपेक्षा जास्त झाली ती 2022 मध्ये. मधल्या 26 वर्षांत लाखो लोक कागदावर डेमोक्रॅट होते आणि अध्यक्षीय मतपत्रिकेवर रिपब्लिकन. डोंगराळ पूर्व केंटकीतील एलियट परगण्याने तर 1869 मध्ये स्थापन झाल्यापासून 2012 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारालाच आघाडी दिली होती, आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना सुमारे 70 टक्के मते दिली. त्या दिवशी मतदारांची नोंदणी बदललेली नव्हती. यादीत ते बहुसंख्येने डेमोक्रॅटच होते. आपल्या भाषेत सांगायचे तर अख्खा तालुका ‘फुटला’, पण सोडून कोणीच गेले नाही.

हे कसे शक्य होते, ते मतपत्रिका हातात घेतली की ध्यानात येते. आपण लोकसभेला मत देतो तेव्हा यंत्रावर एकच निवड करायची असते. अमेरिकन मतदाराच्या हाती मात्र लांबलचक कागद येतो: वर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, मग सेनेटर, मग प्रतिनिधिगृहाचा सदस्य, मग राज्याचे विधिमंडळ, आणि खाली उतरत उतरत परगण्याच्या शेरीफपर्यंत. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर सर्वांत वर एक वेगळा रकाना असतो, ज्यात पक्षापुढचा एकच लंबगोल काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाते. मतदाराने तिथे रिपब्लिकन लंबगोल भरला आणि खाली फक्त अध्यक्षपदाच्या ओळीत डेमोक्रॅटिक उमेदवाराचा लंबगोल भरला, तर मत वैध असते: अध्यक्षपदाचे मत पलीकडे जाते, बाकीची सगळी अलीकडे राहतात. दोन लंबगोलांनी त्या माणसाने आपली भूमिका जितकी नेमकी सांगितली, तितकी ‘फुटला’ या शब्दाला कधीच सांगता येणार नाही. 1984 मध्ये नेमके हेच मोठ्या प्रमाणावर झाले. रेगन यांनी 50 पैकी 49 राज्ये जिंकली आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी प्रतिनिधिगृहात 253 डेमोक्रॅट निवडून दिले. आता असे मतदार विरळ झाले आहेत. 2024 मध्ये 435 पैकी फक्त 16 मतदारसंघांनी अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि प्रतिनिधिगृहासाठी दुसऱ्या पक्षाला पसंती दिली.

पुढाऱ्यांना शिक्षा होतच नाही, असे मात्र नाही. ती जागेला हात लावत नाही, मानाला लावते. 1964 मध्ये दक्षिणेतील दोन डेमोक्रॅटिक प्रतिनिधींनी, साउथ कॅरोलिनाचे अल्बर्ट वॉटसन आणि मिसिसिपीचे जॉन बेल विल्यम्स यांनी, रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना पाठिंबा दिला, तेव्हा पक्षाने दोघांची ज्येष्ठता काढून घेतली. वॉटसन यांनी राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. विल्यम्स डेमोक्रॅटच राहिले आणि पुढे मिसिसिपीचे गव्हर्नर झाले. एकच कृती, एकच शिक्षा, आणि एकाचे पक्षांतर झाले, दुसऱ्याचे नाही. याउलट 2000 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले जो लिबरमन 2008 मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात जॉन मकेन यांच्यासाठी बोलले, आणि तरीही निवडणुकीनंतर डेमोक्रॅटिक सेनेटरांनी 42 विरुद्ध 13 मतांनी त्यांचे समितीचे अध्यक्षपद कायम ठेवले. सेनेटमध्ये त्यांच्या मताची गरज होती, हे त्यामागचे साधे कारण.

आपल्या राष्ट्रपती निवडणुकीतले ‘क्रॉस व्होटिंग’ यात मिसळू नये. तिथे मत देतात ते खासदार आणि आमदार. मतदान गुप्त असते, व्हिप बजावता येत नाही आणि दहावी अनुसूची लागू होत नाही. 1969 मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी हरून व्ही. व्ही. गिरी निवडून आले, ते याच मोकळिकीमुळे. अमेरिकेत याला जवळची गोष्ट शोधायची तर ती सामान्य मतदारांत सापडत नाही, ती अध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजच्या 538 निर्वाचकांत सापडते, ज्यांपैकी 7 जणांनी 2016 मध्ये ठरलेल्या उमेदवाराऐवजी भलत्यालाच मत दिले. वॉशिंग्टन राज्यातील तिघांनी तर चक्क कॉलिन पॉवेल यांना दिले. आणि 2007 मध्ये शिवसेनेने भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभा पाटील यांना मते दिली, तो संपूर्ण पक्षाचा जाहीर निर्णय होता, त्याला क्रॉस व्होटिंग म्हणणे हा शब्दाचा शुद्ध अपव्यय आहे.

इतर फरक किरकोळ आहेत. स्वतःच्या उमेदवाराला मत न देणे म्हणजे पलीकडे मत देणे नव्हे: मेरिलँडचे रिपब्लिकन गव्हर्नर लॅरी होगन यांनी 2020 मध्ये मतपत्रिकेवर 2004 मध्ये वारलेल्या रेगन यांचे नाव लिहिले, आणि मेनच्या सेनेटर सुझन कॉलिन्स यांनी 2024 मध्ये निक्की हेली यांचे नाव लिहिणार असल्याचे सांगितले. ही नाराजी आहे, पलीकडे जाणे नाही. तसेच प्रायमरीत दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारांपैकी एकाला मत देणे ही तिसरीच गोष्ट आहे, आणि तिचे नियम राज्यागणिक बदलतात.

एका शब्दाविषयी मात्र मी हट्टी आहे. अशा मतदारांना सरसकट ‘मवाळ’ म्हणू नये. मराठीत मवाळ म्हटले की गोखले, रानडे आणि 1907 ची सुरत आठवते. तिथे वाद प्रामुख्याने मार्गाचा होता, अर्ज-विनंत्यांचा की संघर्षाचा. अमेरिकेतील ‘मॉडरेट’ हा धोरणांच्या मध्यभागी उभा असतो, त्याला मध्यममार्गी म्हणावे. शिवाय पलीकडे मत देणारा प्रत्येक जण मध्यममार्गी असतोच, असेही नाही. लिझ चेनी यांनी प्रतिनिधिगृहात ट्रम्प यांच्या धोरणांच्या बाजूने दहापैकी नऊहून अधिक वेळा मतदान केले होते. त्यांचा आक्षेप करांवर किंवा गर्भपातावर नव्हता, 2020 चा निकाल नाकारण्यावर होता. खरा मध्यममार्गी पाहायचा तर व्हरमाँटचे रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांना पाहावे. त्यांनी 2020 मध्ये बायडन यांना आणि 2024 मध्ये हॅरिस यांना मत दिले, ते उघडपणे सांगितले, आणि 2024 मध्ये रिपब्लिकन म्हणूनच 73 टक्क्यांच्या आसपास मते घेऊन पुन्हा निवडून आले.

आणि ज्यांना दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या असतील, त्यांच्यासाठी जॉर्जियाचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) जेफ डंकन आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात ते रिपब्लिकन म्हणून बोलले, आणि हॅरिस यांना मत दिल्याने तुम्ही डेमोक्रॅट होत नाही, देशभक्त ठरता, असे त्यांनी आपल्या पक्षबंधूंना सांगितले. जानेवारी 2025 मध्ये जॉर्जियाच्या रिपब्लिकन पक्षाने त्यांच्या हकालपट्टीचा ठराव केला. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी आपण डेमोक्रॅट झाल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात त्या पक्षाकडून गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली. ‘डंकन फुटले’ ही बातमी मराठीत ऑगस्ट 2024 मध्ये देणे चूक होते. ऑगस्ट 2025 मध्ये ती द्यायला कोणाचीच हरकत नव्हती.