गोठलेलं कुलूप आणि अर्धा ग्रॅम बर्फ

थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कुलपात किल्ली फिरेनाशी झाली की आपला हात आपोआप जोर लावतो. तेवढं मात्र कटाक्षाने टाळावं. किल्ली आत तुटली, तर घरच्या घरी सुटणारा प्रश्न कुलूपवाल्याच्या हाती जातो.

आधी नेमकं काय गोठलंय ते ओळखू. किल्ली आतच जात नसेल तर बर्फ किल्लीच्या भोकात आहे. आत जाते पण फिरत नाही, तर तो आणखी खोल आहे. आणि कुलूप उघडलं, तरी दार जागचं हलत नाही, तर बहुतेक वेळा दोष कुलपाचा नसतोच. दाराच्या कडेची रबरी पट्टी बर्फाने चौकटीला चिकटलेली असते. अशा वेळी हँडल ओढण्याऐवजी दारावर अंगाचा भार टाकून ते आत दाबावं. बर्फ कठीण असला तरी ठिसूळ असतो, त्याचा पातळ थर दाबाने तडकतो. ओढाताणीत मात्र रबर फाटतं किंवा हँडल हातात येतं.

गाडीच्या कुलपात बहुधा पातळ धातूच्या पत्र्यांची एक रांग असते आणि प्रत्येक पत्रीला एक नाजूक स्प्रिंग. योग्य किल्लीच्या खाचा या पत्र्यांना नेमक्या जागी आणतात, तेव्हा आतला सिलिंडर फिरायला मोकळा होतो. हे सगळं अगदी अरुंद फटींमध्ये चालतं. तिथे पाण्याचा एखादा थेंब शिरून गोठला की पत्र्या जागच्या जागी चिकटतात, आणि स्प्रिंगमध्ये त्यांना सोडवण्याएवढा जोर नसतो.

किती बर्फ असेल तिथे? अर्धा ग्रॅम धरू. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. यालाच आपण वितळण्याचा अप्रकट उष्मा म्हणतो. म्हणजे अर्ध्या ग्रॅमला १६७ ज्यूल. आता किल्लीचा दहा ग्रॅम धातू ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर शून्यापर्यंत थंड होताना तो साधारण २४० ज्यूल देतो. कागदावर हिशेब सहज जुळतो. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत काहीच घडत नाही, कारण बर्फाभोवतीचा कुलपाचा धातूही तितकाच गार असतो आणि त्याला दाराचा अख्खा पत्रा जोडलेला असतो. दिलेली उष्णता आधी तोच पळवतो. म्हणून किल्ली एकदाच लालबुंद करण्यापेक्षा बेताची गरम करून चार-पाच वेळा आत धरणं उपयोगाचं. ज्या किल्लीच्या मुठीत इलेक्ट्रॉनिक चिप आहे, ती मात्र ज्योतीवर धरू नये. चिप बिघडली तर कुलूप उघडूनही गाडी सुरू होणार नाही. हेअर ड्रायर हाताशी असेल तर तो बरा, फक्त वेळ द्यावा लागतो.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो, तो अल्कोहोलचा. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि परत येऊन चिकटतही असतात. अल्कोहोल मिसळलं की परत येणाऱ्यांची संख्या घटते, सुटणारे तेवढेच राहतात, आणि बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. शुद्ध इथेनॉल उणे ११४ अंशांना गोठतं. पाण्यात मिसळल्यावर गोठणांक वर सरकतो, तरी तो शून्याच्या बराच खाली राहतो. हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलयुक्त जेल किल्लीला चोपडून ती हळूच आत-बाहेर केली तरी काम होतं. पण अल्कोहोल पेट घेतं. ते वापरल्यावर लायटर किंवा काडी जवळसुद्धा आणायची नाही. दोन्ही उपाय एकत्र करणं हा खरा धोका आहे.

गरम पाणी ओतण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते बर्फ वितळवतं हे खरं, पण कुलपात आणखी पाणी ठेवून जातं आणि काही वेळात तेही गोठतं. काचेवर पडलं तर काच तडकू शकते. तोंडाने फुंकर मारण्याचंही तेच: श्वास उबदार असतो, पण ओलाही असतो. मिठाने बर्फ वितळेल, पण धातू गंजेल.

कुलूप उघडलं की निघून जाण्याची घाई असते, आणि दुसऱ्या सकाळी तेच पुन्हा घडतं, कारण वितळलेलं पाणी आतच असतं. खरी दुरुस्ती म्हणजे ते पाणी बाहेर काढणं. अल्कोहोल इथे पुन्हा कामी येतं: ते पाण्यात मिसळतं आणि लवकर उडून जातं. घट्ट तेल किंवा ग्रीस नको. थंडीत ते चिकट होतं आणि धूळ धरतं. त्यापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी पूड चांगली. कार्बनचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यात गोठण्याजोगं काहीच नसतं. मात्र आधी तेल घातलेल्या कुलपात ती टाकू नये, तिचा चिखल होतो. दाराची रबरी पट्टी कोरडी पुसून तिच्यावर सिलिकॉनच्या वंगणाचा हात फिरवावा, म्हणजे पाणी तिथे टिकत नाही.

पूड टाकल्यावर किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करून पांढऱ्या कापडाला पुसून बघावी. काळी, कोरडी रेघ उमटली तर ठीक. रेघ ओली असेल तर कुलूप अजून वाळायचं आहे.