नाव ना गाव, तरी गोळी घे भाऊ: ऑनलाइन सल्ल्यामागची जुनी गोष्ट

मोबाईल आल्यापासून लोक कोणाचंही ऐकून औषधं घ्यायला लागले असं जे बोललं जातं ना, ते अर्धंच खरं आहे. नागपूरहून रेल्वेनं कुठंही निघा, स्टेशन सुटलं की रुळाकाठच्या भिंतींवर मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग, शर्तिया इलाज, खाली नंबर. आठवडी बाजारात चादर पसरून बसलेला जडीबुटीवाला, डब्यात समोरच्या सीटवरचे काका, पानठेल्यावरचे दोघं-तिघं, हे सगळे आपले जुने सल्लागारच की. अनोळखी माणसाचा इलाज ऐकायची सवय आपल्याला आधीपासूनच होती.

आणि सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. इंग्रजांच्या काळात बाजारातल्या भेसळीच्या आणि बोगस औषधांची चौकशी करायला चोप्रा समिती बसली, 1931 ला तिचा अहवाल आला, त्यातून पुढं 1940 चा औषध कायदा झाला. पण तो कायदा मुख्यतः बाटलीत काय आहे ते बघणारा. बाटलीबद्दल काय बोललं जातंय ते पकडायला 1954 ला वेगळा कायदा आला, औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत 54 आजार आहेत, कॅन्सर, शुगर, बीपी, मोतीबिंदू, फिट्स, लकवा, लठ्ठपणा, आणि चक्क माणसाची उंचीसुद्धा (उंची वाढवून देतो म्हणणारे अजून धंद्यात आहेत ते सोडा). या आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करायचीच नाही. त्यात जाहिरातीची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे, पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, एवढंच नाही तर प्रकाश, आवाज किंवा धूर यातून केलेली घोषणासुद्धा जाहिरातच. म्हणजे 1954 च्या माणसांनी धुरापर्यंत विचार करून ठेवला होता. युनानी औषधं बनवणाऱ्या हमदर्द दवाखान्यानं याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं तेव्हा 1959 ला कोर्टानं एक-दोन कलमांतला भाग उडवला, पण अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही हे ठणकावून सांगितलं.

आता खरी गोम इथंच आहे. या सगळ्या कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती की समोर कोणीतरी विकणारा आहे. त्याला दुकान आहे, पत्ता आहे, पैसे कमवायचेत, म्हणून त्याला पकडता येतं. कोणी काहीच न विकता, फुकट, मनापासून चुकीचं औषध सांगेल आणि ते एका रात्रीत लाखो लोकांपर्यंत जाईल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं, तेही आधी मोठ्या महानगरांत. नागपुरात सायबर कॅफेचा जमाना आला तेव्हा सीताबर्डीला केबिनमध्ये बसून लोक रिझल्ट बघायचे, नोकऱ्या शोधायचे, आणि पडदा ओढून आजारही शोधायचे, विशेषतः जे घरी बोलता येत नाहीत ते. 2009 ला मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी यावर अभ्यास छापला, की साध्या डोकेदुखीवरून शोध सुरू केला तरी माणूस ब्रेन ट्यूमरच्या पानांपर्यंत जाऊन पोचतो. पण तेव्हा निदान शोधावं लागायचं, तुम्ही विचारल्याशिवाय सल्ला घरी येत नव्हता.

ते बदललं 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला, घरातल्या आजीच्या हातात पण स्मार्टफोन आला, आणि सल्ला न विचारता यायला लागला. आणि आला कोणाच्या नावानं, तर मावशीच्या, साळ्याच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या. मेसेज लिहिणारा कोण ते कोणालाच माहीत नाही पण वर नाव दिसतं आपल्याच माणसाचं, म्हणून भिंतीवरच्या हकिमाला जो माणूस हसायचा तोच माणूस हा मेसेज वाचून लगेच मेथीदाणे भिजत घालतो. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी उलथापालथ हीच. आणि घरातल्या काकूनं ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला जाहिरात म्हणून कोण धरणार?

व्हॉट्सअॅपनं फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा भारतात 2018 ला घातली, पण ती औषधांमुळे नाही, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांवरून लोकांना ठेचून मारलं गेलं म्हणून. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला पाच जणांना असंच मारलं होतं. त्याच वर्षी सायन्स या साप्ताहिकात ट्विटरवरच्या सव्वा लाख बातम्यांचा अभ्यास आला, खोटी बातमी खरीपेक्षा पुढं ढकलली जायची शक्यता 70 टक्के जास्त. खोटी नवीन वाटते, चटकदार असते, खरी बिचारी साधी असते.

मग आला कोरोना. 2021 च्या मार्चमध्ये नागपुरात परत कडक लॉकडाऊन लागला, एप्रिलमध्ये बेड मिळेना, मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं भरलेली, धंतोली-रामदासपेठेतले खाजगी दवाखाने फोन उचलेनात, अशा वेळी लोक मोबाईलकडे वळले यात नवल काहीच नाही. कापूर, ओवा, लवंगेची पोटली हुंगा, ऑक्सिजन वाढतो, हा मेसेज आठवत असेल. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पण बरं वाटतंय म्हणून ऑक्सिमीटरवर 90 च्या खाली गेलेला माणूस घरीच बसून राहिला की संपलं.

त्याहून वाईट होती ती चिठ्ठ्यांची गोष्ट. कोणाच्या तरी डॉक्टरची खरीखुरी चिठ्ठी, वरचं पेशंटचं नाव बोटानं झाकून फोटो काढलेला, खाली लिहिलेलं की याने आमचे भाऊजी बरे झाले. त्यात अँटिबायोटिक, व्हिटॅमिन आणि स्टेरॉइड. आता स्टेरॉइड खोटं औषध नव्हतं हे लक्षात घ्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीनं (ट्रायल) जून 2020 मध्ये दाखवून दिलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज 6 मिलिग्रॅम दिल्यानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांतले मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. पण ज्याला ऑक्सिजनच लागत नाही त्याला काहीच फायदा नाही, हेही त्याच ट्रायलमध्ये होतं. फोटोतल्या चिठ्ठीवर आजाराचा कितवा दिवस, ऑक्सिजन किती, शुगर किती, काहीच दिसत नव्हतं, दिसत होतं फक्त गोळीचं नाव. लोकांनी ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी सुरू केली, स्टेरॉइडनं शुगर चढते, शुगर चढलेल्या अंगात प्रतिकारशक्ती दबते, आणि म्युकरची बुरशी नाकातून डोळ्याकडे सरकते. मे 2021 पर्यंत इतके रुग्ण झाले की केंद्रानं राज्यांना हा नोंद करण्याचा आजार ठरवायला सांगितलं. सगळे म्युकरचे पेशंट अशा चिठ्ठीनेच झाले असं मी म्हणत नाही, दवाखान्यांतही स्टेरॉइड सढळ हातानं दिलं गेलं. पण भाऊजींची चिठ्ठी भाऊजींचीच असते.

"नैसर्गिक आहे, काही नाही होत बापा" हे आपलं आवडतं वाक्य. दुधीचा रस घ्या. 2010 ला दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन गेले, मग आयसीएमआरची समिती बसली आणि तिनं सांगितलं की आधी थोडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या, कारण कडू दुधीतली कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं विषारी असतात. एवढी एक ओळ फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही. गुळवेलीचं तसंच, 2021 ला मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद आहे. पण ग्रुपवर वाद पोचलाच नाही, काढा मात्र पोचला.

आपल्या विदर्भात तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आईबाप दोघांकडूनही तो दोष आलेल्या पेशंटला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात, त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात, पण पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. कोणी दूरचा माणूस व्हिडिओत सांगतो की हे केमिकल बंद करा, आमच्या काढ्यानं मुळापासून जाईल, आणि आईबापाला ते खरं वाटावंसं वाटतं, कारण लेकरू रात्रभर हातपाय धरून रडत असतं. सांगणाऱ्याला ते लेकरू दिसत नाही, पुढच्या झटक्याला तो येणारही नाही. बाजारातला जडीबुटीवाला निदान पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसायचा, जाऊन भांडता यायचं.

लोक विचारतात तरी काहून, हे पण बघा. 2017 ला बीएमजे ओपनमध्ये बऱ्याच देशांची तुलना आली त्यात आपल्याकडे डॉक्टर पेशंटला जेमतेम दोन मिनिटं देतो असं निघालं. दोन मिनिटांत माणसानं काय विचारावं? आणि विश्वासही हलतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं किडनी निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली, त्यातली कित्येक गेली, आणि त्यांना दिलेल्या कफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. ते सिरप फॉरवर्डवाल्यानं नव्हतं सांगितलं. हे बोलल्याशिवाय नुसतं लोकांना अडाणी म्हणणं मला पटत नाही.

नियमांचं म्हणाल तर ऑनलाइन सल्ला बेकायदा नाही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या (फोन-व्हिडिओवरून इलाज) मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय की सल्ला निनावी नको, डॉक्टरला पेशंट कोण ते कळलं पाहिजे आणि पेशंटला डॉक्टर कोण ते, चिठ्ठीवर नोंदणी नंबर हवा. ऑगस्ट 2023 मध्ये ग्राहक खात्यानं आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना सांगितलं की डॉक्टर असाल तर तसं सांगा, नसाल तर हा वैद्यकीय सल्ला नाही असं स्पष्ट लिहा. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांच्या सोशल मीडियासाठीही नियम काढले होते, 2 तारखेला आले आणि 23 ला थांबवले. महाराष्ट्रातल्या अॅलोपॅथीच्या डॉक्टरचा नोंदणी नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो, फुकट. पण त्यासाठी समोरच्यानं आधी नंबर द्यायला पाहिजे, आणि रीलवाले दादा तेवढंच सोडून बाकी सगळं देतात.